घराणं

जूनमध्ये नुसतं ओरडणं होतं.
डावाचं नाव आधी मोठ्यानं पुकारायचं,
मग हात पुढे, मग दुसरीनं भिंतीवर जाऊन आदळायचं.
जपानी कार्टूनांतून आलेला नियम, सबटायटलांसकट.
माझी मृण्मयी: ज्वालाचक्र, सातवी पाकळी!
समोरच्या परकारांची सुमय्या: खाऱ्या पाण्याची भिंत!
शारजा, अल कासिमिया, पाचवा मजला.
बाहेर सत्तेचाळीस.
तिकीट परवडलं ते सगळे गावी गेलेले,
उरल्या या दोघी आणि तीस पावलांचा कॉरिडॉर.

मी रात्रपाळीची नर्स, सकाळी नऊला आडवी होते.
तिसऱ्या दिवशी दार उघडून एकच वाक्य बोलले.
त्यांच्या वहीत त्याची नोंद आहे:
"झोपलेली राक्षसीण उठली
आणि दोन्ही राज्यांची जीभ घेऊन गेली."

तेव्हापासून बोटं आली.
मृण्मयी दोन बोटं हवेत टेकवते, थांबते, दाबते,
मी शीर शोधते तशी, अगदी तशीच;
कधी पाहिलं हिनं मला?
सुमय्या मूठ वळून कोपर मागे खेचते,
तिचे अब्बा खाडीवर गलबतावरचा माल बांधतात
तो दोर आवळायचा हात.
आवाज नाही. फक्त चपलांचं घासणं
आणि मध्येच कुणीतरी
मरून पडल्याचा धप्प.

जुलैत मालकानं वीज वाचवायला
सेन्सरचे दिवे बसवले.
हालचाल नसेल तर चाळीस सेकंदांत काळोख.
सुमय्या सलग अकरा लढाया हरली होती.
जिंकणारीला नवं काही सुचायची गरजच नव्हती.
बारावीला ती हललीच नाही.
मृण्मयीही दबा धरून थांबली, मोजत राहिली,
आणि एकोणचाळीस, चाळीस,
दिवा गेला.
अंधारात कुणीतरी तिच्या कपाळाला बोट लावलं.

रडत आली. "आई, हे चीटिंग आहे ना?"
मी म्हटलं, तोड काढ.

चार दिवसांनी तोड निघाली:
जुन्या चपलेला सुतळी, चप्पल जिन्याच्या कठड्यावर,
हवा तेव्हा झटका, हवा तेव्हा सूर्य.
मग सुमय्यानं सुतळी कापायची विद्या काढली,
मग मृण्मयीनं अंधारातच पाकळी उघडायची,
मग ऑगस्टच्या मध्याला
वहीत कुठली रेघ कुणाची तेच कळेना.
भिंत जळत होती, ज्वाळा खारट झाली होती.
"तिनं माझं चोरलं." "मी शिकले."
दोघी माझ्या दारात, निवाडा मागत.
मी काय सांगणार?
आदल्याच रात्री सात नंबरच्या म्हाताऱ्याची धडधड बसत नव्हती,
त्याच्या उशाशी मी चाळीस मोजेपर्यंत
हलले नव्हते.

पाचशे चारमध्ये सीरियातून आलेलं कुटुंब.
त्यांचा ताईम, वय साडेचार,
दोन महिने स्टुलावर चढून
दाराच्या भिंगातून सगळं बघत होता.
शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी
तो बाहेर आला.
भिंगातून जग जसं दिसतं तसंच शिकलेला:
कंबर वाकडी, हात फुगवून गोल,
पाय कडेला निसटत गेलेले,
डोकं भलतंच पुढे.
दोघी आधी हसल्या.
मग मृण्मयीनं पाकळी टाकली, ती त्याच्या बाकातून घसरून गेली.
सुमय्या थिजून उभी राहिली, दिवा जावा म्हणून;
तो डुलतच होता, दिवा कसला जातो.
गोल गोल येत त्यानं एकेकीच्या पोटात डोकं दिलं.

धप्प. धप्प.

फरशीवर पडल्या पडल्या
दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.
मी दाराच्या फटीत, हातात चहा,
ड्युटीला उशीर होत असलेली.
सुमय्या हळूच म्हणाली,
"वही आण गो."